मागच्या माणसाची जागा

२ फेब्रुवारी

भिंगरी,

फोन केला की तू नुसतं 'हं' म्हणतेस, आणि मला हल्ली फोनवर तेवढंही धड ऐकू येत नाही. मग आपण दोघी थोडा वेळ गप्प बसतो आणि ठेवून देतो. त्यापेक्षा हे बरं. कागदावर एकटीनंच बोलायचं असतं, त्यामुळे समोरून उत्तर नाही याचं वाईट वाटत नाही.

नवीन वर्षाचं कार्ड मिळालं असेल. उत्तर आलं नाही म्हणून लिहीत नाहीये, गैरसमज नको. तसं कारण घडलं म्हणून लिहितेय, नाहीतर तुझ्या कामाच्या धबडग्यात लुडबूड केली नसती.

चिरंजीवांनी म्हातारी गॅरेजात नेलीय. म्हातारी म्हणजे आपली मोटारसायकल. मी घरीच आहे.

तुझ्या सासऱ्यांनी तुला ती शिकवली, ते गेल्यावर तूच चालवत राहिलीस, आणि तू हे घर सोडल्यावर ती शेडमध्ये ताडपत्रीखाली गेली ती गेलीच. तिच्याकडे कोणी बघेना. एका रविवारी ह्यानं आपणहून ताडपत्री ओढली, चाकांत हवा भरली, फडक्यानं टाकी पुसली. मला बरं वाटलं. तू गेल्यापासून ऑफिस, घर, जेवण, झोप, एवढंच चाललंय त्याचं. म्हटलं, माणूस हलला एकदाचा.

मग त्यानं मला एक फोटो दाखवला. म्हाताऱ्या गाड्यांना हल्ली तरुण करतात म्हणे. पुढे चालवणाऱ्यापुरती एक छोटी सीट, मागचा मडगार्ड निम्म्यात कापून टाकलेला, चाक उघडं. शेपूट छाटलेल्या कुत्र्यासारखी दिसत होती ती फोटोतली गाडी. 'अशी करणार,' म्हणाला. लोखंडी कॅरियर तर काढलाच आहे. त्याच कॅरियरवर घोंगडीची घडी टाकून मी आयुष्य काढलं, आधी ह्यांच्या मागे आणि नंतर तुझ्या. मडगार्ड पुढच्या आठवड्यात कापतील.

गाडी त्याच्या बापाची, हौस त्याची. मला त्या पत्र्याचं काय करायचंय? तुझा जीव होता तिच्यावर म्हणून कळवलं, इतकंच.

मध्ये जरा बरं नव्हतं. आता ठीक आहे. अक्षर वाकडं आलंय ते पेनामुळे.

तुझी
(इथे काय लिहावं ते सुचलं नाही, म्हणून रिकामं सोडलंय.)


१२ फेब्रुवारी

भिंगरी,

तुझं कार्ड आलं. 'आई, मडगार्ड कापू देऊ नका. तसा जाड पत्रा आता मिळत नाही. कापू देऊ नका.' वाचलं, उलटून बघितलं, मागे काही नव्हतं. तरी दिवसभर जवळ घेऊन होते. एकाच गोष्टीसाठी दोनदा 'नका' म्हणालीस, आणि सुरुवातीला 'आई' लिहिलंस. माझी जेवणाची वेळ टळली तरी भूक लागली नाही.

दुसऱ्या दिवशी बस पकडून गॅरेजात गेले. टायरवाल्याच्या दुकानामागे आहे ते. जमीन तेलानं काळी मिचकूट, रेडिओ चालू, आणि मिस्त्री म्हणजे एक किडकिडीत माणूस, चष्म्याची काडी तारेनं बांधलेली. म्हातारी स्टँडवर उभी होती, सीट नाही, कॅरियर नाही. आजारी माणसाचे दागिने काढून ठेवतात ना, तशी दिसत होती. मागच्या मडगार्डावर खडूनं आडवी रेघ मारलेली. इथून कापायचं.

मी रुमाल काढला आणि रेघ पुसून टाकली.

मिस्त्री म्हणाला, "आई, पुसली तरी मला ती दिसतेय."

म्हटलं, "मग तुमचे डोळे जरा मिटून ठेवा. मुलगा येईपर्यंत."

त्यानं मला एक स्टूल दिलं. चहाही दिला. मी तुझं कार्ड त्याला दाखवलं नाही, पण जाड पत्र्याचं सांगितलं, जणू मलाच कळतं. तो म्हणाला, खरं आहे, मलाही कापवत नव्हतं, पण गिऱ्हाईक सांगेल तसं.

ऑफिस सुटल्यावर हा आला. मला बघून दारातच थबकला. मी कशी आले, कशाला आले, बसमध्ये चढले कशी, सगळं विचारून झालं. मी म्हटलं, मडगार्ड कापलास तर मी कुठे बसू? तर हसला. तू कुठे बसणार आहेस, म्हणाला.

मग त्यानं हसू आवरलं आणि हात खिशात घालून उभा राहिला. तो बोलायचा असला की आधी असाच उभा राहतो, तुला माहीत आहे.

"आई, मी प्रत्येक सिग्नलला मागे वळून बघतो," म्हणाला. "स्कूटरवर, कुठेही. ती मागे नीट बसली आहे ना म्हणून. तीन वर्षं झाली. मागे जागाच नसली तर सवय जाईल."

मिस्त्री पाना शोधायला आत गेला. पाना त्याच्या हातातच होता.

मी त्याला म्हटलं, "जागा कापून सवय जात नाही रे. मागे मला बसव. वळून बघशील तेव्हा कोणीतरी दिसेल तरी."

हे तुला सांगावं की नाही, यावर मी दोन दिवस घालवले. तुला टोचावं म्हणून सांगत नाहीये. तुमचं का पटलं नाही ते मला तेव्हाही कळलं नाही, आताही कळत नाही, आणि आता ते उकरायचंही नाही. पण मडगार्ड वाचला, आणि का वाचला हे तुला कळायला हवं. अर्धा तुझ्या कार्डामुळे वाचला.

आता त्यावर मागे सीट बसवायची ठरलीय. माझ्यासाठी. थेट मडगार्डावर बसवली तर पत्रा तडकेल का गं? मिस्त्री विचारात पडलाय. तू पुलांची कामं करतेस, वजन कुठून कुठे जातं ते तुला कळतं. सवड मिळाली तर सांग. नाही मिळाली तरी चालेल.

आई


६ मार्च

भिंगरी,

चौकटीच्या कागदावरचं चित्र पोचलं. किती सुबक काढलंयस. मी ते आधी स्वयंपाकघरात टेकवून ठेवलं, मग गॅरेजात नेलं.

मिस्त्रीनं चष्मा कपाळावर सरकवून बघितलं. मडगार्डाच्या आतून लोखंडी पट्टी, ती दोन्ही बाजूंनी खाली चेसिसपर्यंत नेलेली, म्हणजे माणसाचं वजन पत्र्यावर न येता पट्टीवर येईल, आणि मध्ये रबराच्या चकत्या. "अस्सं," म्हणाला. मग परत, "अस्सं." आणि म्हणाला, आमच्या डोक्यात पट्टी होती, पण आम्ही ती वरून टाकली असती आणि बेढब दिसली असती. हे काढलं कोणी?

"माझ्या सुनेनं."

भिंगरी, तोंडातून निघून गेलं. 'आधीची' वगैरे काही म्हटलं नाही. आणि हा तिथेच होता. नळाखाली हात धूत होता. त्यानं मान वर केली नाही, पण हात मात्र कितीतरी वेळ धूत राहिला. तेल केव्हाच निघालं असेल.

मडगार्ड आतून कुजत आला होता. कॅरियरच्या बोल्टांच्या भोकांपाशी तडे गेले होते, चिखल साचून गंज चढला होता. मिस्त्रीनं तेवढा भाग काढून नवा तुकडा जोडला. मग वाळूच्या पिशवीवर ठेवून आतून हातोडीनं हळूहळू पोचे काढत बसला. ठोकत नव्हता, थोपटत होता. डाव्या बाजूचा मोठा पोचा तू पाडलेला, मागे घेताना दूधवाल्याच्या गाडीला आपटून. तो मी काढू दिला नाही. मिस्त्री म्हणाला, पॉलिशखाली तो दिसेल. दिसू दे म्हटलं.

पट्टीला किती जाडीचं लोखंड घ्यायचं ते चित्रात लिहायचं राहिलंय. कळव. आणि बोल्ट किती? मिस्त्रीला माहीत असेलच म्हणा, पण तुझ्याकडून आलेलं बरं.

आई


२९ मार्च

भिंगरी,

आता सीटचं. सीट शिवणारी बाई गॅरेजच्या पलीकडच्या गाळ्यात बसते. तिला सगळे टाकेबाई म्हणतात. तोंडात टाचण्या, कानामागे खडू, आणि भोवती रेक्झिनच्या गुंडाळ्या. पूर्वी सोफ्यांची कव्हरं शिवायची. सोफे गप्प बसतात, गाडीवाले फार बोलतात, असं तिचं मत.

तिनं मडगार्डावर फोमचा ठोकळा ठेवला, वर प्लास्टिक टाकलं आणि म्हणाली, "आजी, दोन्हीकडे पाय टाकून बसणार की एका बाजूला?"

"दोन्हीकडे," मी ऐटीत सांगितलं.

"टाका पाय."

मी काठी मिस्त्रीकडे दिली, गाडीला धरलं आणि पाय उचलला. तो गुडघ्याएवढाही वर जाईना. परत उचलला. मिस्त्रीनं उगाच रेडिओ बंद केला, आणि त्यामुळे ते जास्तच दिसलं. टाकेबाईनं तोंडातल्या टाचण्या काढून डबीत ठेवल्या, माझ्या काखेत हात घातला आणि मला एका बाजूनं अलगद बसवलं. "अशाच बसा," म्हणाली. "मी सीटला शिकवते."

आता काठीचा उल्लेख झालाच आहे, तर सांगून टाकते. नोव्हेंबरात न्हाणीघरात पडले. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पायात स्क्रू आहेत, वाकडं अक्षर पेनामुळे नाही, पडल्या पडल्या लिहीत होते म्हणून. तुला कळवायचं नाही असं मीच ह्याला बजावलं होतं. तो दोनदा फोन हातात घेऊन माझ्याकडे बघत उभा राहिला. मी नको म्हटलं.

कळवलं असतं तर तू आली असतीस, हे मला माहीत आहे. पहिल्या गाडीनं आली असतीस. पण मग तू खुब्यासाठी आली असतीस. मला तू माझ्यासाठी यायला हवी होतीस.

रागावू नकोस. रागावलीस तर तसं लिही, पण लिही.

तर सीट अशी: डावीकडे रुंद, उजवीकडे निमुळती, आतल्या बाजूला किंचित उतरती, म्हणजे मी घसरणार नाही. पाठीला छोटा टेका. पाय ठेवायला खाली एक फळी, आणि धरायला कडी. मला तर ती सीट कमी आणि स्वयंपाकघरातला ओटा जास्त वाटतेय. रंग तपकिरी घ्यावा की काळा? टाकेबाई म्हणते काळा लवकर तापतो. तू काय म्हणतेस?

आई


१४ मे

भिंगरी,

तुझी तीन पत्रं आली. पहिल्यात रागावलीस ते बरं झालं, चार पानं तरी भरलीस. दुसऱ्यात तपकिरी. आणि कालच्या पत्रात विचारलंयस, एवढीशी सीट, अजून कशी झाली नाही?

झालीय. एप्रिलच्या सुरुवातीलाच झाली होती.

मी ती उसवायला लावली. आधी म्हटलं, टेका टोचतो. टाकेबाईनं टेका मऊ केला. मग म्हटलं, शिलाई जरा दूर दूर हवी. तिनं उसवून परत घातली. तिसऱ्यांदा गेले तेव्हा तिनं सीट मांडीवर घेतली आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "आजी, शिवण चुकलेली नाही. तुमचं काय चुकलंय ते सांगा."

मी म्हटलं, "सीट झाली की पत्रं बंद होतील."

कोणाची पत्रं, कसली, काही विचारलं नाही तिनं. कात्री घेतली आणि उसवायला लागली.

अशी आहे गंमत. तुला फोम किती जाड, बोल्ट किती, धागा कुठला हे विचारत होते त्यातलं निम्मं मला मिस्त्रीनं आधीच सांगितलेलं असायचं. पण विचारलं की तुझं उत्तर यायचं, आणि त्या उत्तरात शेवटी एखादी ओळ तुझी असायची. इथे धूळ फार आहे. काल पुलावरून पहिला ट्रक गेला. केस कापले. त्या ओळींसाठी मी एक चांगली सीट तीनदा उसवली.

आता ह्याचंही ऐक. तुझी पत्रं मी डाळीच्या डब्यामागे ठेवते. त्याला कधी कळलं ते मला माहीत नाही. एका संध्याकाळी मी झोपायला गेले तर उशीवर लिफाफ्यांचा नवा गठ्ठा होता, तिकिटं लावलेला. तो त्याच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होता. मीही काही बोलले नाही. ह्या घरात न बोलता बरंच चालतं, तू म्हणायचीस तेच खरं.

सीट बसवल्यावर त्यानं मला फिरवून आणलं. मला उचलून बसवलं, फळीवर पाय ठेवून दिले, आणि इतकी हळू चालवली की एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला. पहिल्या सिग्नलला त्यानं मागे वळून बघितलं.

"मी आहे," म्हटलं.

"माहीत आहे," म्हणाला.

पुढच्या सिग्नलला तो वळला नाही. आम्ही आता रोज संध्याकाळी जातो. काठी आडवी मांडीवर घेते आणि बसते राणीसारखी. टाकेबाईचं दुकान आलं की ती बाहेर येऊन सीटकडे बघते, माझ्याकडे नाही.

तर झाली सीट. शेवटचा टाका बसला. तुला विचारण्यासारखं माझ्याकडे आता काही उरलं नाही. एक उरलंय, ते इतके दिवस विचारलं नाही, कारण तू 'ठीक' म्हणून मोकळी होशील अशी भीती वाटायची. तू कशी आहेस?

आई


१ जून

भिंगरी,

येते म्हणालीस! पंधरा तारखेला!

'एकटी नाही' असंही लिहिलंयस. म्हणजे बरोबर सामान असेल. म्हातारीची नवी सीट बघायला एखादी मैत्रीण येत असेल तर तिचंही स्वागतच आहे.

पत्र टाकायला गेले आणि अर्ध्या वाटेवरून परत आले. तुझा माणूस येतोय बरोबर, मला सगळं कळलंय. वरच्या दोन ओळी मूर्खासारख्या आहेत, पण दुसरा कागद घेत नाही.

त्याला सांगितलं. तो म्हणाला, मी त्या दिवशी उशिरा येईन. मग म्हणाला, गादीवरची चादर बदल.

या.

आई


१६ जून, दुपारी

भिंगरी,

तुम्हाला निघून काही तास झालेत. तू अजून रस्त्यात आहेस आणि मी पत्र लिहितेय, हसशील. पण फाटकाशी उभी राहून जे जमलं नाही ते असंच जमेल.

काल तू फाटकाबाहेर थांबलीस. 'आत ये' म्हणावं लागलं तुला, ह्याच घरात. ते मला फार लागलं. मग तुझ्यामागून तो लंबू आला. मी त्याला 'खाली वाक' म्हणेपर्यंत त्याचं डोकं चौकटीला आपटलं होतं. तो बेकरी चालवतो एवढं तू कळवलं होतंस, पण असा उंच असेल असं मला वाटलं नव्हतं, मला वाटलं होतं सगळे बेकरीवाले गोल असतात.

मी त्याचा राग करायची पूर्ण तयारी करून बसले होते. घरात कोणाला बोलता येऊ नये अशी काही माणसं असतात, तसा तो असता तर सोपं गेलं असतं. त्यानं पिशवीतून कापडात गुंडाळलेला पाव काढला, सुरी कुठे आहे विचारलं, आणि पहिला कडेचा तुकडा कापून माझ्या ताटलीत ठेवला. "तुम्हाला कड आवडते असं ती म्हणाली," एवढंच बोलला. मग मी रागवायचं पुढे ढकललं. पाव अजून मऊ होता. बसमध्ये मांडीवर धरून आणला असेल त्यानं.

आणि हा उशिरा येणार होता तो चारलाच आला. हात मिळवला त्यांनी. मी चहाच्या भांड्याकडे बघत राहिले. पुरुषांनी हात मिळवायला एवढा वेळ लावू नये.

तू शेडमध्ये गेलीस तेव्हा मी खिडकीत होते. तू मडगार्डावरून हात फिरवलास, आतून पट्टी चाचपून बघितलीस, आणि मग डावीकडच्या पोच्यापाशी तुझा हात थांबला. किक मारलीस. म्हातारी बोलेना. परत मारलीस. ह्यानं तुला हटकलं: आता ती बदललीय, आधी चोक ओढायचा नाही. तुम्ही दोघं इंजिनावर वाकलात. दोन डोकी, एक हात ह्याचा, एक तुझा. तेवढा वेळ मला काय काय वाटलं ते मी लिहिणार नाही. ते वाटायला नको होतं. मग इंजिन लागलं, आणि तुम्ही दोघं सरळ उभे राहिलात आणि वेगवेगळ्या दिशांनी बघायला लागलात, आणि मला समजलं की ते संपलंय. खरंच संपलंय. तीन वर्षांत पहिल्यांदा समजलं.

मग तू मला म्हणालीस, "बसा, आई."

आपण पाण्याच्या टाकीपर्यंतच गेलो आणि आलो. पण तुझ्या कमरेला हात घालून बसले आणि माझे गेले ते सगळे दिवस परत आल्यासारखं झालं. तू केस कापलेस त्यामुळे मानेवरचा तीळ दिसतो आता. तू मागे न बघता बोललीस. "मला वाटलं होतं, त्याला बघून तुम्ही उठून आत जाल."

मी म्हटलं, "खुब्यामुळे पटकन उठता येत नाही."

तू हसलीस ते मला कानानं नाही, हातांनी कळलं. आणि मग, टाकीपाशी वळताना, तू विचारलंस, "तुम्हाला चालेल ना, आई?"

मला ऐकू आलं होतं. मी न आल्याचं दाखवलं. तू परत विचारलं नाहीस.

रात्री जेवताना ह्यानं ताटाकडे बघत सांगितलं, "गाडी घेऊन जा. मी कापायला निघालो होतो, तू वाचवलीस. तुझ्याकडे असू दे." त्यानं मला आधी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी हो म्हटलंच असतं, पण म्हणायला थोडा वेळ लागला असता. संध्याकाळची ती फेरी मला आवडायला लागली होती गं. म्हणून त्यानं विचारलं नाही ते बरंच केलं. तू माझ्याकडे बघितलंस आणि मी मान हलवली. ती खरी होती, एवढं समज.

आणि आज सकाळी तो लंबू माझ्या सीटवर बसला. माझ्या मापाची, एका बाजूला बसायची, ओट्यासारखी सीट. त्यावर दोन्हीकडे पाय टाकून! गुडघे कानाशी आले त्याचे. टेका पाठीच्या मध्येच रुतत असेल, पण तो मला म्हणाला, छान आहे. इतकं खोटं इतक्या प्रेमानं बोललेलं मी फार दिवसांनी ऐकलं.

खरं सांगू? मनात आलं, ऊठ, ती माझी जागा आहे. एखाद्या लहान मुलासारखं आलं. ओठांपर्यंत आलं.

मग तू गाडी फाटकातून काढायला लागलीस. त्याचा उजवा गुडघा खांबाला लागणार होता. तू समोर बघत होतीस. समोर बघता बघताच तू एक हात मागे नेलास आणि त्याचा गुडघा आत ओढून घेतलास, आणि हात परत हँडलवर ठेवलास. तू केलंस हे तुला कळलंही नसेल. त्यालाही नसेल कळलं. मी मात्र बघितलं, आणि माझ्या शेजारी हा उभा होता, त्यानंही बघितलं.

तुम्ही वळणाआड गेल्यावर तो म्हणाला, "चल आत, आई." मग स्वतः आत आला नाही. शेडमध्ये गेला, तेलाची परात उचलली, ताडपत्री घडी करून बाजूला ठेवली आणि कोपरान् कोपरा झाडून काढला. आता तिथे ऊन येतंय. म्हणतो, एक बाक टाकू, तुला बसायला. मी म्हटलं, बाक दोघांचा कर, मी एकटी बसून काय करू.

भिंगरी, तू टाकीपाशी विचारलंस त्याचं उत्तर द्यायचं राहिलंय. चालेल. तेव्हा लगेच म्हणता आलं नाही, कारण तेव्हा ते खरं नव्हतं. फाटकातल्या त्या गुडघ्यानंतर खरं झालं.

पत्र मिळेल तोवर तुम्ही केव्हाच घरी गेला असाल. वाटेतला मुक्काम झाला असेल, कंबरा शेकून झाल्या असतील, लंबूची भट्टीही पेटली असेल. तरी विचारल्याशिवाय मला राहवत नाही.

पोचलात का?

आई